नांदायला आलेले सुभेदार

औरंगपुऱ्याच्या गर्दीतून स्कूटर कशीबशी बाहेर काढली, रिक्षावाल्यांशी मनातल्या मनात दोन-चार भांडणं केली आणि छावणीच्या रस्त्याला लागलं, की शहराचा आवाज एकदम खाली बसतो. इथली झाडं जुनी आहेत, रस्ता रुंद आहे, आणि कुणालाच कशाची घाई नाही असं उगीचच वाटत राहतं. परवा तिथून येत होते. सव्वीस जानेवारी तोंडावर आलेली, म्हणून झाडांच्या बुंध्यांना रंग देणं चाललं होतं. खाली गेरूचा पट्टा, वर चुन्याचा. बादल्या कडेला मांडलेल्या, कुंच्यांचे ओघळ धुळीत पडलेले, आणि त्या कोवळ्या उन्हात ओल्या चुन्याचा वास. हा वास सांगून समजायचा नाही. थोडा भिजल्या भिंतीचा, थोडा विहिरीतल्या गारव्याचा, आणि मागाहून नाकात किंचित चुरचुरणारा. माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. मागचा मोटारसायकलवाला "ओ मॅडम, क्या करते?" म्हणून करवादला, त्याचंही चुकलं नाही. पण मी तरी काय करणार? त्या वासासरशी माझे सासरे समोर उभे राहिले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात कुंचा, आणि चेहरा असा की आता मधे कुणी बोललं तर त्याची धडगत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव अजिंठ्याच्या डोंगराखालचं, घर मेंढरंवाल्यांचं. लहानपणी फर्दापूरच्या बाजूच्या माळांवर बापाच्या मागं मेंढरं राखलेला हा माणूस भरतीत उभा राहिला आणि निवडला गेला. पुढं वाळवंट, बर्फ, पूर्वेकडची ओली जंगलं, असा देशाच्या साऱ्या कडा फिरून आला. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. माझी लेक आजोबांच्या मागं लागायची, तेव्हा ते तिला खेचरांच्या गोष्टी सांगायचे. कोणतं खेचर लबाड होतं, कोणतं ओझं दिसलं की पोट फुगवायचं. "आणि गोळीबार, आबा?" ती विचारायची. "व्हता की. पन खेचर लई बेरकी," असं म्हणून ते पुन्हा खेचरावर यायचे. मला आधी वाटायचं, टाळतात. मग हळूहळू कळलं, की त्यांच्या मनानं जपून ठेवण्यासारखं जे निवडलं होतं, ते हेच होतं.

मी औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराची मुलगी. आमच्या माहेरी कुठलीही वस्तू कुठंही सापडायची, किंवा सापडायचीच नाही. लग्न होऊन पडेगावच्या या घरात आले आणि पहिल्याच सकाळी हबकले. फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना तिरप्या रोवलेल्या विटा, एक गेरूची, एक चुन्याची, एक गेरूची, एक चुन्याची. कडुलिंबाच्या झाडाला पट्टा. पाण्याच्या टाकीला पट्टा. मला तर वाटलं, मी जरा वेळ एका जागी उभी राहिले तर मलाही लावतील. दिवाळीच्या आधी आणि सव्वीस जानेवारीच्या आधी हा सोहळा ठरलेला. ड्रममध्ये कळीचा चुना भिजत पडायचा, त्यात डिंक, चिमूटभर नीळ, आणि मग मामा उकिडवे बसून वीट न वीट रंगवायचे. नवी नवरी असूनही माझी जीभ आवरली नाही. मी म्हटलं, "मामा, फारच पातळ झालाय हो, विटा दिसताहेत आतून." आत्यांनी तोंडाला पदर लावला. मामांनी मान वर न करता सांगितलं, "पोरी, चुना वला असतो तवर दिसत नाय. वाळू दे. मंग बोल." दुपारी बघते तर विटा दुधासारख्या पांढऱ्या. त्यानंतर मी त्या विषयावर बोलले नाही.

शिस्तीचा जाच होताच, खोटं कशाला बोलू? अंथरुणाच्या चादरीला सुरकुती चालायची नाही. चपला भिंतीशी रांगेत हव्यात. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी ड्यूटी नेमून दिलेली, मांजरालासुद्धा. ते दुपारी कोठीच्या खोलीऐवजी गच्चीवर झोपलेलं दिसलं, की मामा त्याला हिंदीतून रागवायचे, कारण हुकूम हिंदीतच द्यायचा असतो. माझा नवरा या वातावरणात वाढलेला, त्याला सवय होती. मी मात्र पहिली काही वर्षं माहेरी जाऊन आईसमोर नकला करून दाखवायची. पण एक सांगते. घरात कुणाला ताप आला तर रात्रभर कपाळावरच्या घड्या बदलणारा माणूस हाच असायचा. माझ्या बाळंतपणात मेथीचे लाडू नीट वळले गेले नाहीत म्हणून आत्यांशी भांडणाराही हाच. आणि मी शिकवते त्या शाळेतून मला उशीर झाला, की फाटकापाशी उभं राहून, आपण काही वाट बघत नाही असं दाखवत, रस्त्याकडं बघणाराही हाच.

आत्या मात्र या सुभेदाराला जराही भीत नसत. ठेंगण्या, काटक, बोलायला फटकळ. त्याही मेंढरांमागं चालूनच मोठ्या झालेल्या, त्यामुळं चालणं त्यांच्या रक्तात होतं. छावणीच्या गुरुवारच्या बाजाराला पायीच जायच्या, रिक्षात बसवलं तर चिडायच्या. मामांचा आवाज चढला, की त्या माझ्याकडं बघून डोळे मिचकावत म्हणायच्या, "बोलू दे गं. नांदायला आलेल्या मान्साला जरा समजून घ्यावं." आणि सुभेदारांचा आवाज तिथंच खाली यायचा. मला या मंत्राचा अर्थ कळेना. शेवटी एकदा शेंगा फोडता फोडता त्यांनी सगळी कथा सांगितली.

मामांचं लग्न सुट्टीत झालं. पलटणीत जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, अंगात कवायत मुरलेली. वरात गावी आली, उंबऱ्यावर ज्वारीनं भरलेलं माप ठेवलं. नवरा-नवरी शेजारी शेजारी उभे. नवरीनं उजव्या पायानं माप लवंडायचं आणि घरात यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणीतरी म्हातारी ओरडली, "हं, चला!" झालं. फौजेत 'चला' म्हटलं, की डावा पाय पडतो. नवरीचा उजवा पाय उठायच्या आत नवरदेवाचा डावा पाय झटक्यात पुढं गेला आणि माप थेट देवघरापर्यंत उडालं. ज्वारी सगळ्या घरभर. "आगं बया बया! नवऱ्यानंच माप लवंडलं!" म्हणून बायका हसून हसून लोळल्या. मामांची आजी तेवढी गंभीर होती. तिनं निकाल देऊन टाकला, "ज्यानं माप लवंडलं त्यो नांदायला आला. ही पोरगी हितलीच. हाच आला नांदायला." हे सांगताना आत्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून. मामा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "झाली का सांगून? आता भाकरी टाका."

पण नांदायला आलेला नवरा सुट्टी संपली तसा गेला, आणि पुढं अर्धं आयुष्य असाच येत-जात राहिला. स्टेशनवर उतरायचा, काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन. पोरगा ओळखायचा नाही, आईच्या मागं लपायचा. ओळख होईपर्यंत परत निघायची वेळ. सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, मेंढरांची विक्री, पोराची शाळा, पडेगावातला प्लॉट, घराचा पाया, सगळं आत्यांनी एकटीनं केलं. सिमेंटच्या गोण्या मोजून घेताना त्यांनी ठेकेदाराला कसा रडवला, हे माझा नवरा अजून रंगवून सांगतो. मामा निवृत्त होऊन आले तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षेची नोकरी चालून आली होती. त्यांच्या बरोबरीचे सगळे अशा नोकऱ्या धरत होते. मामांनी नकार दिला. आत्या म्हणाल्या, "आवो, घरी बसून काय करता?" मामा म्हणाले, "नांदतो." एवढंच बोलले. आत्या दिवसभर विनाकारण भांडी घासत होत्या, असं नवरा सांगतो.

ही सगळी गंमत कशावर उभी होती ते मला फार उशिरा कळलं. एका सकाळी आत्या चुलीवरचं पाणी उतरवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. दवाखाना, सुया, नळ्या, सगळं झालं. जीव वाचला. घरी आणल्या तेव्हा वाचा गेल्यातच जमा होती, एखादा तुटका शब्द फुटायचा, तोही महत्प्रयासानं. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की सुरुवातीचे काही महिने हाताशी आहेत. तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या, चालल्या, तर चालतील. नाहीतर अंथरूण. मामा "जी" म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिले. आणि आत्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. डोंगर तुडवलेली बाई ती, दुसऱ्याच्या हातानं कूस बदलायची वेळ आली हे त्यांना सोसेना. घास भरवला तर तोंड मिटून घ्यायच्या. मला खरंच भीती वाटायला लागली, की या आता उठणार नाहीत, आणि उठल्या नाहीत तर फार दिवस राहणारही नाहीत.

त्या दिवसांत मी मामांना जे करताना पाहिलं, त्याचं कौतुक करायला मला आडपडदा ठेवायचा नाही. मी म्हटलं, मी शाळेतून रजा घेते. त्यांनी साफ धुडकावलं. "तू साळंला जा. ही माझी ड्यूटी." त्यांनी आत्यांना न्हाऊ घातलं, पुसलं, लुगडं नेसवलं. बराकीत कांबळ्याच्या घड्या घातलेले ते हात नऊवारीच्या निऱ्या अशा काढायचे, की मला तशा आजही जमत नाहीत. केस विंचरून वेणी घालायचे, तिचा अंबाडा बांधायचे आणि कुंकू लावताना आधी एक डोळा मिटून मधोमध आलं का ते बघायचे. गावाकडचा एक सोबती भेटायला आला होता, तो हे बघून खोकत हसला. "सुभेदार, बायकूची येनी घालतूस व्हय?" मामा शांतपणे म्हणाले, "येनीच घालतोय. कुनाची चोरी नाय करत." आणि पिन तोंडात धरून पुढं कामाला लागले. भिंतीकडं तोंड केलेल्या आत्यांच्या पाठीवर त्या वेळी मला काहीतरी हललेलं दिसलं.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. हसरी होती, नीट समजावून सांगायची. आत्यांच्या डाव्या हातात काठी, उजव्या बाजूनं मामांचा आधार. आधी काठी, मग दुबळा उजवा पाय, मग धडधाकट डावा. "उजवा पाय आधी, बाबा. डाव्यावर भार राहिला पाहिजे. डावा आधी उचलला तर सगळा भार लुळ्या पायावर येईल आणि त्या बसतील." मामांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, मान डोलावली. वाटेवर त्या वेळी त्यांनी मुद्दाम चुना ओढला होता, फाटकापासून पायरीपर्यंत एक सरळ पांढरी रेघ, आत्यांना नजर ठेवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात केली. मामांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "उजवा. चल." आणि आत्या दोन्ही गुडघ्यांत मोडून खाली आल्या. मामांनी पडू दिलं नाही, पण बसल्याच. पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आत्या रडल्या, आवाज न करता, आणि उठवायला गेलं तर डाव्या हातानं मामांना ढकलायला लागल्या.

मामा पायरीवर येऊन बसले. असे बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पाठीत वाक घालून. म्हणाले, "पोरी, कुठं चुकतंय? ती सांगते तसंच करतोय. माझ्या हातात जोर कमी पडतो का?" मला वाटत होतं, आत्यांचा धीरच खचलाय. नवरा म्हणाला, राहू द्या थोडे दिवस. मामा त्याच्याकडं असे बघायला लागले, की तो पेपर घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरी होते. मामांनी आत्यांना कसंबसं समजावून उभं केलं. मी समोर फाटकापाशी उभी. मामा म्हणाले, "उजवा. चल." आत्या पुन्हा लटपटल्या, पण या वेळी खाली बसायच्या आधी त्यांची नजर रेघेवर होती. रेघेवर त्यांचा पाय होता, आणि शेजारी मामांचा. त्या थांबल्या. मान वाकडी करून मामांच्या पायांकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या वाकड्या ओठांतून आधी एक घरघर आली. मी घाबरून पुढं धावले. पण ती घरघर नव्हती. आत्या हसत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसत होत्या. काठीसकट डावा हात उचलून त्यांनी मामांच्या डाव्या पायावर टोक टेकवलं आणि सगळा जीव गोळा करून एक शब्द काढला.

"मा... प."

मामांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय पुढं होता. तोंडानं उजवा म्हणत होते, पण 'चल' म्हटल्याबरोबर स्वतः मात्र डाव्या पायानं निघत होते, आणि त्यांच्या खांद्याला बिलगलेल्या आत्या त्या ओढीनं पुढं ओढल्या जाऊन लुळ्या पायावर कोसळत होत्या. इतके दिवस. हुकूम बरोबर होता, पाऊल फौजेचं होतं. मामा त्या पायाकडं असे बघत राहिले, की तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग हळूच म्हणाले, "तवाबी ह्योच व्हता." आणि तेही हसायला लागले. दोघं एकमेकांना धरून त्या रेघेवर उभं राहून हसत होती, एक सरळ तोंडानं, एक वाकड्या तोंडानं, आणि मी वाटेतच उभी राहून ढसाढसा रडत होते. नवरा आतून पळत आला, काय झालं म्हणून.

त्यानंतर मी एक दृश्य पाहिलं, ते माझ्याबरोबरच जाईल. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर मामा एकटेच तिथं होते. सावधान उभे. ओठांतल्या ओठांत "तेज चल" म्हणायचे आणि उजवा पाय टाकायला बघायचे. डावाच पडायचा. परत जागेवर. परत "तेज चल". कधी दोन्ही पाय एकदम उठल्यासारखे होऊन झोकांडी जायची. ज्या पायाला तरुणपणी कवायतीच्या उस्तादांनी ओरडून ओरडून वळण लावलं, ज्या पायानं सारा जन्म पहिला मान घेतला, त्या पायाला हा म्हातारा मागं राहायला शिकवत होता. कपडे भिजलेले तसेच बादलीत ठेवून मी खाली आले. त्यांनी मला पाहिलं नाही, आणि पाहिलंय हे मीही कधी कळू दिलं नाही.

किती दिवस लागले ते आता आठवत नाही. लिंबाची पानगळ होऊन नवी पालवी आली होती एवढं खरं. एका सकाळी काठी, उजवा, डावा असं करत आत्या मामांच्या दंडाला धरून रेघेवर निघाल्या, आणि त्यांच्या जोडीनं मामांचाही उजवा पाय आधी पडत होता. थांबत, धापा टाकत त्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथून वळल्या. मी घरात पळाले. मला काय सुचलं कुणास ठाऊक, कोठीतलं मापटं काढलं, ज्वारी भरली आणि उंबऱ्यावर आणून ठेवलं. लेक म्हणाली, "आई, हे काय?" मी म्हटलं, "गप बस आणि बघ." दोघं पायरी चढून आली. मामांना ते माप दिसलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दोन्ही टाचा जुळवून उभे राहिले. पुढं होईनात. आत्यांनी उजवा पाय ओढत पुढं आणला. त्या पायात जोर कुठला? अंगठा मापाला लागला, माप नुसतं डोललं आणि पुन्हा सरळ झालं. मामांचा डावा पाय जागच्या जागी चुळबुळला. मी डोळे वटारले. आत्यांनी पुन्हा पाय ओढला. या वेळी माप कलंडलं, हळूच, आणि ज्वारीचे दाणे उंबऱ्याच्या आत घरंगळत गेले.

मामा म्हणाले, "आली बाई घरात."

आत्यांनी मान हलवली. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि आम्ही सगळे तिष्ठत उभे. "मी... हितंच... व्हते," त्या म्हणाल्या. "तुमी... आले."

पुढची काही वर्षं पडेगावच्या आमच्या गल्लीनं रोज सकाळी ही जोडी पाहिली. नऊवारी, काठी, आणि शेजारी ताठ मानेचा म्हातारा. गल्लीतले इतर निवृत्त फौजी कट्ट्यावरून चिडवायचे, "सुभेदारसाब, गलत कदम!" मामा पुढं बघतच उत्तर द्यायचे, "नया हुकूम है." मग आत्यांच्या बोलण्यातही सुधारणा झाली, म्हणजे भांडण्यापुरती तरी झाली. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांना कधी शब्द कमी पडला नाही. मामा दिवाळीला आणि सव्वीस जानेवारीला विटा रंगवत, आणि आत्या खुर्चीत बसून काठीच्या टोकानं राहिलेली जागा दाखवत. मला वाटायचं, हे असंच चालणार. आपल्याला नेहमी असंच वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर मामा गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळचं फिरून आले, आत्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या चपला रांगेत लावल्या, आणि पायरीवर टेकले ते टेकलेच. त्यांच्या जुन्या सोबत्यांनी येऊन फौजी रिवाजानं निरोप दिला. वाकलेली, कमरेला पट्टे बांधलेली ती म्हातारी माणसं सलाम करताना मात्र सरळ झाली होती. उचलायची वेळ झाली तेव्हा बायका आत्यांना धरून आत न्यायला लागल्या. आत्यांनी सगळ्यांचे हात झिडकारले. काठी, उजवा, डावा, असं करत त्या एकट्या फाटकापर्यंत चालत गेल्या, आणि मामा दिसेनासे होईपर्यंत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांनी फिरणं सोडलं. खुर्ची धरली, ती सोडायलाच तयार होईनात. मी समजावलं, नवऱ्यानं विनवलं, नातीनं गळ घातली. पुन्हा तोंड भिंतीकडं.

म्हणून परवा छावणीत स्कूटर थांबली तेव्हा मी तशीच मागं वळले. बाजारातून कळीचा चुना घेतला, गेरू घेतला, घायपाताचा कुंचा घेतला. दुकानदार म्हणाला, "बाई, आता तयार डिस्टेंपर मिलता, ये कायको?" मी म्हटलं, "दे बाबा मुकाट." चुना भिजवला, डिंक घातला, चिमूटभर नीळ घातली. काल सकाळी साडी खोचून उकिडवी बसले. विटांवरचा जुना रंग अवकाळी पावसानं उडाला होता, रेघ तर पुसूनच गेलेली. कमरेचा काटा ढिला झाला, बोटं चुन्यानं फाटली, आणि काम म्हणाल तर दिव्य. गेरू चुन्यात, चुना गेरूत. वाटेवरची रेघ ओढली ती सापासारखी. मागं चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं, तर आत्या दारात उभ्या. खुर्चीतून उठून, काठी टेकत, आपल्या आपण आलेल्या.

"पातळ... झाला गं," त्या म्हणाल्या.

मी हातातला कुंचा खाली ठेवला. म्हटलं, "आत्या, वला आहे तवर दिसत नाय. वाळू दे."

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. मग पायऱ्या उतरल्या, एकेक. मी धावले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन दंड पुढं केला, त्यांनी तो धरला. आम्ही दोघी माझ्या त्या वेड्यावाकड्या रेघेच्या कडेनं निघालो. माझा उजवा पाय आधी पडतो आहे ना, हे त्यांनी पहिल्या पावलाला वाकून तपासून घेतलं. लिंबाच्या झाडापाशी दम घ्यायला थांबलो. आत्यांनी काठीनं एक वीट दाखवली, राहिली म्हणून. खरंच राहिली होती. मग बराच वेळ त्या फाटकाकडं बघत उभ्या होत्या. गावाकडं सासुरवाशिणीबद्दल, सगळं निस्तरून गेलेल्या एखाद्या कर्त्या बाईबद्दल जसं बोलतात, अगदी त्याच सुरात त्या मामांबद्दल म्हणाल्या,

"नांदले बाई. चांगले नांदले."

ऊन वर आलं होतं, आणि आमच्या पायाशी चुना हळूहळू वाळत, पांढरा होत चालला होता.